पाळीतलं दुखणं नेहमीचं की एंडोमेट्रिओसिस? ओळखायचं कसं आणि डॉक्टरांना सांगायचं कसं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात आई दुधाचे खाडे लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते आणि माझ्या पाळीच्या तारखेला लाल पेनाने एक टिंब देते. मी सातवीत असल्यापासून ही टिंबं चालू आहेत. पण त्या टिंबावरून एवढंच कळायचं की पाळी आली, त्या दिवशी मी शाळेत गेले की बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते हे त्यात कुठेच नव्हतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर माझंही तसंच व्हायचं, "खूप दुखतं हो" एवढंच तोंडातून यायचं, मग "गोळी घेतल्यावर थांबतं ना?" असं विचारलं की "हो, थोडं थांबतं" म्हणायचे आणि तीच गोळी लिहून घेऊन बाहेर यायचे. असं करत करत पहिल्या पाळीपासून निदानापर्यंत माझी १२ वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण ज्यांना आता कुठे शंका यायला लागलीये त्यांची एवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून जे केलं आणि जे आधीच करायला हवं होतं ते क्रमाने लिहितेय.

आधी एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय ते थोडक्यात. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, जे दर महिन्याला पाळीत बाहेर पडतं, तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं, म्हणजे अंडाशयावर, नळ्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, क्वचित पार छातीखालच्या पडद्यावरसुद्धा. पाळीच्या हार्मोन्सने तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर जायला वाट नसते, मग आत सूज राहते, व्रण होतात आणि आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली तर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, आतला द्रव तसा तपकिरी आणि दाट असतो म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार असतो, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी. तेव्हा तुमच्या ऑफिसात, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणालातरी आहेच, फक्त तिला किंवा तुम्हाला ते माहीत नसेल.

पहिलं काम, आपलं दुखणं नेहमीचं की वेगळं ते बघा

पाळीत दुखतं हे खरंच आहे, बहुतेकींना दुखतं. नेहमीचं दुखणं साधारण पहिले एक-दोन दिवस असतं, गरम पाण्याच्या पिशवीने, ओव्याच्या पाण्याने किंवा एखाद्या गोळीने आटोक्यात येतं आणि माणूस कुरकुरत का होईना कॉलेजला, कामाला जातो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला शिकले, या दुखण्यामुळे माझं काय काय थांबतं? दर महिन्याला रजा पडत असेल, परीक्षा बुडत असेल, उलट्या होत असतील, चक्कर येऊन पडायला होत असेल, गोळी घेऊनही झोप लागत नसेल तर ते नेहमीचं म्हणून सोडून देऊ नका, मग आजूबाजूचे काहीही म्हणोत.

आणखी काही गोष्टी आहेत ज्या बायका पाळीशी जोडतच नाहीत. पाळीच्या दिवसांत संडासला जाताना आतून कापल्यासारखं होणं, लघवीला दुखणं, पाळीच्या आसपास पोट इतकं फुगणं की ड्रेस बसत नाही, कंबरेतून मांडीत उतरणारी चमक, संबंधाच्या वेळी किंवा नंतर खोल आत दुखणं, पाळी नसतानाही ओटीपोटात सतत ठणका, आणि एक विचित्र थकवा जो झोपून जात नाही. मी कितीतरी वर्षं पाळीतल्या संडासच्या त्रासासाठी इसबगोल खात होते. एखादीला फक्त पाळीतच उजव्या खांद्यात दुखतं, ते दुर्मिळ आहे पण सांगण्यासारखं आहे. दुखणं वर्षागणिक वाढत जातंय का तेही बघा. आणि काही जणींना काहीच दुखत नाही, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर कळतं.

इथे एक सांगायला हवं, ही सगळी लक्षणं असली म्हणजे एंडोमेट्रिओसिसच असं नाही. अॅडेनोमायोसिस असू शकतो, म्हणजे तेच अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरतं, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी असू शकतात, ओटीपोटातलं इन्फेक्शन, आयबीएस म्हणजे आतड्याचं तंत्र बिघडून पोट दुखणं, आणि आपल्याकडे जननमार्गाचा टीबीसुद्धा बघावा लागतो. नाव ठरवायचं काम डॉक्टरांचं, आपलं काम त्यांच्यापर्यंत माहिती पूर्ण पोचवायचं.

आणि काही वेळा वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जायचं: अचानक एका बाजूला असह्य दुखायला लागलं आणि उलट्या होतायत, दुखण्याबरोबर ताप आहे, पाळी चुकलीये आणि पोटात दुखून गरगरतंय, किंवा तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं लागोपाठ चाललंय.

दुसरं काम, कालनिर्णयात टिंबाच्या पुढे लिहा

मोबाईलमध्ये अॅप आहेत, वापरत असाल तर उत्तमच, पण माझं तरी कॅलेंडरवरच जमलं कारण ते समोर दिसतं आणि दोन मिनिटांत लिहून होतं. मी खुणा ठरवल्या होत्या. दु म्हणजे दुखणं, त्यापुढे ० ते १० मधला आकडा, गो म्हणजे किती गोळ्या घेतल्या, सं म्हणजे संडासला दुखलं, ल म्हणजे लघवीला, उ म्हणजे उलटी, र म्हणजे रजा. एका चौकोनात असं दिसायचं: "दु ८, गो ३, सं, उ २, र." पाळी नसलेल्या दिवशीही दुखलं तर लिहायचं, ते तर जास्त महत्त्वाचं. रक्तस्रावाचं "खूप जातं" असं न लिहिता किती पॅड लागले आणि गाठी पडल्या का ते लिहायचं. संबंधाच्या वेळी दुखलं तर त्यालाही एक खूण ठेवा, घरातल्यांना कळणार नाही अशी, मी फुलीचं चिन्ह ठेवलं होतं.

तीन पाळ्यांची नोंद झाली की चित्र दिसायला लागतं. त्रास जास्त असेल तर तीन महिने थांबू मात्र नका, अपॉइंटमेंट घ्या आणि मागचं आठवेल तसं लिहून न्या. माझ्या तीन महिन्यांच्या पानांवर पहिल्यांदा मला स्वतःला दिसलं की दुखणं पाळीच्या दोन दिवस आधीच सुरू होतंय आणि पाचव्या दिवसापर्यंत राहतंय, म्हणजे महिन्यातला आठवडा. तोवर मी सगळ्यांना "दोन दिवस दुखतं" असंच सांगत होते आणि मला ते खरंही वाटत होतं.

तिसरं, आईला आणि मावशीला विचारा

हा आजार रक्ताच्या नात्यात असेल तर आपल्याला असण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर विचारतातच. पण आपल्या घरांत हे कुणी नावाने सांगितलेलं नसतं. आईला "तुला एंडोमेट्रिओसिस होता का" विचारलंत तर ती नाहीच म्हणेल. "तुला पाळीत किती दुखायचं, तेव्हा तू काय करायचीस, मूल राहायला वेळ लागला का, कुणाची पिशवी लवकर काढली का" असं विचारा. माझी आई आधी नेहमीचंच म्हणाली, आम्हालाही दुखायचं, आम्ही कुणाला सांगत होतो का. मग भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली की ती धान्याच्या कोठीमागे पोतं अंथरून पडायची, आजी हाक मारायची तरी ओ द्यायची नाही, आणि धाकट्या मावशीची पिशवी ३४ व्या वर्षी काढली ती "पोटात सगळं चिकटलं होतं" म्हणून. हे मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनी फाईलवर सगळ्यात वर हेच वाक्य लिहिलं.

चौथं, जायचं कुणाकडे

गायनॅककडे. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सरळ विचारा की डॉक्टर एंडोमेट्रिओसिसच्या पेशंट नेहमी बघतात का, रिसेप्शनवरच्या ताईंना सहसा माहीत असतं. पैशाची अडचण असेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजची स्त्रीरोग ओपीडी चांगली, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, गर्दी असते, पण सोनोग्राफी आणि पुढची सोय तिथेच होते. गावात लेडी डॉक्टर नसेल आणि पहिलं बोलणं तरी कुणाशी व्हावं असं वाटत असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, फोनवरून फुकट बोलता येतं. तपासणी मात्र प्रत्यक्षच व्हायला हवी. जाताना कॅलेंडरची पानं, आधीचे सगळे रिपोर्ट, आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत टाकून न्या.

पाचवं, केबिनमध्ये बोलायचं काय

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझी सगळ्यात जास्त वर्षं इथेच गेली.

आपण लाजेने शब्द झाकतो. "खाली दुखतं" म्हणतो. खाली म्हणजे लघवीची जागा, योनीमार्ग, संडासची जागा की ओटीपोट? चारही ठिकाणांचे आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या. जागेचं नाव घ्या, नाहीतर बोट ठेवून दाखवा, बेंबीखाली मध्ये, डाव्या जांघेजवळ, माकडहाडापाशी, जिथे असेल तिथे. "अंगावर जातं" म्हटलं तरी लाल की पांढरं ते सांगावं लागतं.

दुखण्याला मात्र आपल्या भाषेत इतके नेमके शब्द आहेत की ते बिनधास्त वापरावेत. कळ येते म्हणजे लाटेसारखं येतं आणि जातं. ठणकतं म्हणजे सतत आतून ठोके पडल्यासारखं. चमक मारते म्हणजे क्षणात इथून तिथे जातं. ओढ लागते म्हणजे आतलं कुणी खाली खेचतंय असं. पिळवटतं, टोचतं, जळजळतं, हे सगळं वेगवेगळं आहे. मी एकदा सांगितलं की "पाळीत कळा येतात, पण पाळी गेल्यावर डाव्या बाजूला ओढ लागून राहते, उभं राहिलं की जास्त", तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि आणखी दहा प्रश्न विचारले.

ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून पहिली दोन मिनिटं आपण ठरवून वापरायची. मी कागदावर लिहून नेलं होतं आणि वाचूनच दाखवलं: "मला पहिल्या पाळीपासून दुखतं, १२ वर्षं झाली, गेल्या दोन वर्षांत वाढलंय. पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होतं, पाचव्या दिवसापर्यंत राहतं. दर पाळीला दोन रजा पडतात, नऊ गोळ्या लागतात. पाळीत संडासला जाताना दुखतं, एरवी नाही. मावशीची पिशवी ३४ व्या वर्षी काढली. हे एंडोमेट्रिओसिस असू शकतं का?" शेवटचा प्रश्न जरूर विचारा. गूगल करून आलीस का म्हणतील अशी भीती वाटते, म्हटलं तर म्हणू दे, "हो, वाचलं, म्हणूनच तुम्हाला विचारायला आले" असं म्हणायचं.

आता अवघड प्रश्न. "लग्न झालंय का?" असं विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा संबंध आलेत का हे विचारायचं असतं. लग्न झालेलं नसेल आणि संबंध आलेले असतील तर ते डॉक्टरांना खरं कळायला हवं, कारण त्यावर कोणती तपासणी करायची ते ठरतं. आई शेजारी बसली असेल तर "मला डॉक्टरांशी थोडं एकटीने बोलायचंय" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि हे आईला घरून निघतानाच सांगून ठेवलं तर तिथे तिला वाईट वाटत नाही. आतून तपासणी करायची असेल तर आधी काय करणार ते विचारा, सोबत बाई असावी असं सांगा, नको असेल तर नाही म्हणा. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, तिला टीव्हीएस म्हणतात, जास्त स्पष्ट दिसतं, पण ती करता येत नसेल तर पोटावरून करतात, गुदमार्गातून करतात किंवा एमआरआय सांगतात. अविवाहित आहे म्हणून तपासणीच होणार नाही असं नसतं.

सहावं, रिपोर्ट कसे वाचायचे

माझ्या पहिल्या दोन सोनोग्राफी नॉर्मल आल्या होत्या आणि त्या कागदावर माझी तीन वर्षं गेली, म्हणून हे ठळक अक्षरात वाचा: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असा अर्थ होत नाही. चॉकलेट सिस्ट दिसते, खोलवरचा आजार सरावलेल्या माणसाला दिसतो, पण वरवरचे छोटे ठिपके सहसा दिसतच नाहीत. सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी कुणी सांगितली तर तीवरूनही हो किंवा नाही ठरत नाही, ती इतर कारणांनीही वाढते.

पूर्वी पक्कं निदान म्हणजे लॅपरोस्कोपी, दुर्बिणीतून आत बघायचं, असंच समजत. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांपासून तो आग्रह सुटलाय, लक्षणं आणि तपासणी यावरून औषध सुरू करता येतं, सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसलं नाही किंवा औषधाने फरक पडला नाही तर दुर्बीण. रिपोर्टवर १ ते ४ अशी स्टेज लिहिलेली असेल तर ती आजार किती पसरलाय ते सांगते, किती दुखतं ते नाही. स्टेज १ वाली बाई तडफडत असू शकते आणि स्टेज ४ वालीला कदाचित काहीच जाणवत नसेल.

सातवं, उपचारांबद्दल काय विचारायचं

मूल हवंय का आणि कधी, हे सगळ्यात आधी सांगा, कारण हार्मोनची बहुतेक औषधं चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत. ती बंद केल्यावर पाळी परत येते. कायमचं वांझपण येईल अशी भीती मला आईने, आजीने आणि शेजारच्या काकूंनीही घातली होती, पण तसं होत नाही.

दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये आणि दुखणं शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीला घेतली तर जास्त लागू पडते. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. आपल्याकडे मेफ्टाल चॉकलेटसारखी खातात, त्यातल्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ च्या अखेरीला इशारा दिला होता, गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांकडे.

हार्मोनमध्ये डायनोजेस्ट नावाची २ मिलिग्रॅमची गोळी रोज एक, ही आपल्याकडे बरीच देतात. सुरुवातीचे महिने मधूनच डाग पडतात, त्याला घाबरून मी दुसऱ्याच महिन्यात बंद करणार होते, आधी विचारून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ती घेताय म्हणून गर्भनिरोधकाची काळजी संपली असं धरू नका. याशिवाय नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असते, पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनं असतात ज्यांनी हाडांवर परिणाम होतो म्हणून ती मोजून देतात. डोळ्यापुढे वेड्यावाकड्या रेषा येऊन होणारी मायग्रेन, ब्लडप्रेशर, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या, यातलं काही असेल तर नक्की सांगा.

ऑपरेशन सुचवलं तर घाई नसेल तिथे प्रश्न विचारून मगच हो म्हणा. अशी किती करता? नुसतं जाळणार की कापून काढणार? आतड्यावर असेल तर सोबत आतड्याचे सर्जन असतील का? अंडाशयावरची सिस्ट काढताना चांगली अंडीही कमी होऊ शकतात, म्हणून मूल हवं असेल तर एएमएच तपासणी, म्हणजे अंड्यांचा साठा किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, आधी करावी का? परत होण्याची शक्यता किती आणि ते होऊ नये म्हणून नंतर औषध देणार का? महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते त्याला आधीच विचारून घ्या.

आणि "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हे वाक्य पहिल्याच भेटीत कानावर आलं तर उठा आणि दुसरं मत घ्या. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याची बातमी २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली, हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं ते त्यातून कळतं. आजार पिशवीच्या बाहेर असतो, नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही. काही बायकांना तो निर्णय योग्य ठरतोही, पण विचारांती, बाकीचं करून बघितल्यावर. "लग्न कर" आणि "एक मूल होऊ दे" हेही उपचार नाहीत, गरोदरपणात पाळी नसल्याने बरं वाटू शकतं, पण आजार बरा होत नाही. ज्यांना मूल हवंय त्यांनी आजाराचं नाव ऐकून आशाही सोडू नका, कितीतरी जणींना आपसूक राहतं.

आठवं, "सगळं नॉर्मल आहे" म्हणाले तर

भांडायचं नाही, रडत बाहेरही यायचं नाही. "मग हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं? पुढे काय बघायचं?" एवढं विचारा. "तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पुढची पायरी काय?" हेही. उत्तर नाही मिळालं तर रिपोर्टच्या प्रती घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मी तिसऱ्या डॉक्टरकडे गेले तेव्हा नवीन काहीच तपासलेलं नव्हतं, जुनेच रिपोर्ट आणि कॅलेंडरची पानं होती, त्यांनी ती टेबलावर पसरून बोटाने मोजली आणि टीव्हीएस परत करायला सांगितली, या वेळी एंडोमेट्रिओसिस बघा असं चिठ्ठीवर लिहून. डाव्या अंडाशयावर तीन सेंटीमीटरची सिस्ट होती.

औषध सुरू झालं तरी लिहिणं सोडू नका, फॉलोअपला "बरं आहे" म्हणून काही ठरवता येत नाही. माझ्या पहिल्या फॉलोअपला गोळ्यांचा आकडा नऊवरून तीनवर आला होता, रजा एकही नव्हती, पण सं अजून होतं, आणि तेवढ्यावरून त्यांनी एमआरआय सांगितला.